जाळलेल्या दोनशे पेट्या

छापखान्याचा निरोप स्पष्ट होता. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत नववं पान नक्की करून द्या, नाहीतर चहा कंपनीच्या इतिहासाची पुस्तिका पंच्याहत्तराव्या वर्षी नाही, शहात्तराव्या वर्षी निघेल. म्हणून शनिवारी दुपारी दोन वाजता चौघं चाखणीच्या खोलीत जमली.

या घराचे सगळे मोठे निर्णय याच खोलीत झाले होते. उत्तरेकडे मोठी खिडकी, तिच्याखाली भिंतभर लांब पांढरा ओटा, ओट्यावर चिनी मातीच्या वाट्यांची रांग आणि कोपऱ्यात घोट थुंकायचं उंच पितळी भांडं. इथे सिगारेट ओढायची नाही, अत्तर लावून यायचं नाही आणि आवाज चढवायचा नाही, हे कंपनीच्या संस्थापकांचे, नानांचे, तीन नियम. पहिले दोन अजून पाळले जात.

थोरले खिडकीपाशी आपल्या उंच स्टुलावर बसले. वय त्र्याहत्तर, पाठ ताठ, बोलणं मोजकं. वडील नाना गेल्यापासून पंचवीस वर्षं कंपनी त्यांच्या सहीने चालत होती. समोर त्यांची बहीण, जिला सगळेच, अगदी थोरलेसुद्धा, ताई म्हणत. ती लग्न होऊन गेली, आठ वर्षांनी परत आली आणि त्यानंतर कंपनीच्या प्रत्येक लेबलाच्या शुद्धलेखनाची जबाबदारी कुणी न सांगता तिने स्वतःकडे घेतली. धाकटा भाऊ बाळ सहासष्ट वर्षांचा झाला तरी बाळच राहिला होता, विक्री त्याच्याकडे. चौथी थोरल्यांची सून, गेली सहा वर्षं कंपनीची मुख्य टेस्टर. तिचा नवरा पानांच्या खरेदीसाठी मळ्यांवर गेला होता. जाताना तो म्हणाला होता, “तुम्ही ठरवाल ते मला मान्य.” तो नेहमीच तसं म्हणे.

ताईने चष्मा लावला आणि नववं पान मोठ्याने वाचलं.

“‘कंपनीच्या पंचविसाव्या वर्षी, ऐन चाखणीच्या वेळी जांभया देणाऱ्या एका टेस्टरच्या हलगर्जीपणामुळे साबणाचा वास लागलेला चहा बाजारात गेला. संस्थापकांनी सगळा माल परत मागवला आणि दोनशेच्या दोनशे पेट्या कारखान्याच्या अंगणात, दुकानदारांच्या डोळ्यांदेखत जाळल्या. खराब माल आम्ही विकत नाही, हे ब्रीद त्या दिवशी जन्माला आलं.’”

“झकास,” बाळ म्हणाला. “यात खटकण्यासारखं काय आहे?”

“हे.” ताईने पानावर एक पत्र ठेवलं. पत्र चार ओळींचं, अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं गोल. लिहिणाऱ्या बाईंचे वडील कंपनीत तेरा वर्षं टेस्टर होते. कंपनीचा इतिहास निघतो आहे असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आपल्या वडिलांबद्दल काय लिहिलं आहे ते छापण्याआधी बघायला मिळेल का, असं त्यांनी विचारलं होतं. शनिवारी चार वाजता येते, असंही शेवटी कळवलं होतं.

“येऊ दे की. जांभई काढून टाकू. जांभई गेली की भांडण गेलं.”

“आणि हलगर्जीपणा?”

“ताई, तो राहिला पाहिजे. गोष्टीत कुणालातरी चुकावं लागतं. कुणी चुकलंच नाही तर नानांनी पेट्या जाळल्या कशाला? थंडी वाजत होती म्हणून?”

बाळचं म्हणणं उगीच नव्हतं. गेली चाळीस वर्षं तो हीच गोष्ट विकत होता. चहा तिच्या पाठोपाठ खपत होता. पुड्याच्या मागच्या बाजूला ज्वाळांचं चित्र होतं. मोठमोठ्या दुकानांचे खरेदी अधिकारी किमतीवरून घासाघीस करायला बसले की बाळ ती गोष्ट सांगे, आणि ती संपेपर्यंत निम्मे जण नरमलेले असत.

“दादा, तू बोल ना,” ताई म्हणाली.

“बाळ म्हणतो ते बरोबर आहे,” थोरले म्हणाले. “जांभई काढा. बाकी राहू दे. पन्नास वर्षं झाली त्याला.”

“तो माणूस जिवंत असेल तर?”

“असता तर त्यानेच लिहिलं असतं.”

आता सून उठली. तिने ओट्याखालचं कपाट उघडलं, त्यातून जाडजूड, कडा कुरतडलेलं एक रजिस्टर काढलं आणि वाट्या बाजूला सरकवून ओट्यावर ठेवलं.

“मला यावर बोलायचंय,” ती म्हणाली. “आधीच सांगते, हे पान असंच छापणार असाल तर सोमवारपासून चाखायला दुसरं कुणीतरी बघा.”

*

सुनेने ते रजिस्टर गुरुवारी माळ्यावरून खाली काढलं होतं. पत्र आल्यापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. साबणाचा वास कच्च्या टेस्टरलासुद्धा पहिल्या घोटात कळतो. तेरा वर्षं मुरलेल्या माणसाला तो कळला नाही, हे तिला पटत नव्हतं. जांभई देताना नाक काही बंद होत नाही.

माळ्यावर तिने साबणाच्या त्या आठवड्याचं पान शोधायचं सोडून आधी तासभर नुसतं वाचलंच. हिरव्या शाईत, बारीक अक्षरात, दिवसाला वीस-पंचवीस नोंदी. ‘दमदार, पण घाईचा.’ ‘रंग आहे, अंग नाही.’ ‘पाहुण्यासारखा. येतो आणि जातो.’ चहाबद्दल असं लिहिणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. प्रत्येक नोंदीखाली दोन आद्याक्षरं, आणि दिवसाच्या शेवटी लाल पेन्सिलीची एक तिरकी खूण. ती नानांची. नाना रोज संध्याकाळी रजिस्टर वाचल्याशिवाय घरी जात नसत, हे ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत आली होती.

आता तिने ते पान उघडलं आणि बोट ठेवलं.

“हा सोमवार. ‘मिश्रण क्रमांक सात. स्वच्छ, उजळ. जीभ सोडत नाही.’ म्हणजे सोमवारी चहा चांगला होता. आता हा गुरुवार, सकाळ. ‘तेच मिश्रण, गोदामातल्या शिल्लक पेट्यांतून. साबण! माल पाठवू नये.’ पाठवू नये याच्याखाली दोन रेघा आहेत.”

बाळने चष्मा कपाळावरून खाली ओढला. “मग गेला कसा माल?”

“गुरुवारच्या आधीच गेला. बुधवारी संध्याकाळी. दोनशेपैकी एकशे साठ पेट्या. त्यांना न विचारता.” तिने रजिस्टरच्या मागच्या खिशातून माल पाठवल्याच्या चलनाची पिवळी पडलेली प्रत काढली. पुढचं वाक्य तिने दोन दिवस मनात घोळवलं होतं, तरी ते म्हणताना तिने खिडकीकडे बघितलं. “चलनावर सही तुमची आहे, बाबा.”

खाली पुडे भरायच्या यंत्राची एकसारखी खटखट चालू होती.

*

थोरल्यांनी चलन हातात घेतलं. सही त्यांचीच होती. तेव्हा ते आडनावाखाली एक ऐटदार शेपूट ओढत असत. पुढे ते सोडून दिलं.

आपण चिडू असं त्यांना वाटलं होतं. या क्षणाची त्यांनी गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा कल्पना केली होती, आणि प्रत्येक वेळी त्यात ते चिडलेले असत. प्रत्यक्षात त्यांना तहान लागली.

“साबण माझा होता,” ते म्हणाले.

आवाज नेहमीसारखाच आला, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

“तुझा म्हणजे?” ताईने विचारलं.

“मी साबणाची एजन्सी घेतली होती. नानांना न सांगता. तेवीस वर्षांचा होतो. इथे मला कुणी विचारत नव्हतं, म्हणून म्हटलं, आपलं काहीतरी वेगळं करावं. साबण सुटा आला, चाळीस खोकी भरली. भाड्याने घेतलेल्या खोलीचं दार बसायचं होतं, म्हणून दोन रात्री गोदामात ठेवली. मागच्या भिंतीशी, ताडपत्रीखाली.”

“गोदामात? जिथे डोक्याला तेल लावून यायची बंदी होती?”

“दोन रात्रींनी काय होतंय, असं वाटलं. बुधवारी दुकानदार मालासाठी घाई करत होते, नाना बाहेरगावी होते. मी गाडी भरून पाठवून दिली. नाना आले की म्हणतील, पोरगा तयार झाला. मला वास आला नाही, ताई. दोन दिवस मी त्या साबणातच होतो.”

“आणि मग?”

“मग शनिवारी तक्रारी आल्या. खोकी मी तोवर हलवली होती. नानांनी टेस्टरला, आपल्या मास्तरांना, आत बोलावलं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले, छत्री घेतली आणि गेले. मी जिन्यात उभा होतो. त्यांनी मला नमस्कार केला.”

बाळ उठला, खिडकीपर्यंत गेला, परत आला.

“जांभई मी घातली,” तो म्हणाला.

“काय?”

“गोष्टीत. जांभई. पहिल्यांदा सांगितली तेव्हा लोक हसले नाहीत. दुसऱ्यांदा मी जांभई घातली, आणि हशा पिकला. मग ती राहिलीच.” तो भावाकडे वळला. आवाज चढवायचा नाही हा नियम मोडायची वेळ झाली होती. “चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी तुझ्यासमोर ही गोष्ट सांगतोय, दादा. तू शेजारी बसून मान डोलावत होतास. एकदा तरी मला बाजूला घेऊन म्हणायचं होतंस की बाळ, गप्प बस!”

“म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का.”

“हो, विचारलं असतं!”

“म्हणून नाही म्हटलं.”

दुपारी दोनला तो भावाच्या बाजूने होता. तीन वाजायला आले होते, आणि आता तो सुनेच्या शेजारी जाऊन उभा राहिला होता.

*

ताई मात्र उलट दिशेने निघाली होती.

पत्र आलं तेव्हा मास्तरांची बाजू पहिल्यांदा तिनेच घेतली होती. दादा चुकला, दादाने कबूल केलं, इथवर तिची काही हरकत नव्हती. दादाच्या हातून काहीतरी झालं असावं, अशी शंका तिला आयुष्यभर अधूनमधून आलीच होती. पण तिची नजर रजिस्टरवरून हलत नव्हती. गुरुवारच्या पानाखाली लाल पेन्सिलीची खूण होती. रोजच्यासारखीच, डावीकडून उजवीकडे, शेवटी जराशी वर गेलेली.

“नाना गुरुवारी परत आले होते,” ती हळूच म्हणाली.

“हो,” सून म्हणाली. “त्यांनी हे गुरुवारी संध्याकाळी वाचलं. तक्रारी यायच्या दोन दिवस आधी. मास्तरांची चूक नाही हे त्यांना माहीत होतं, आत्या. तरी शनिवारी त्यांना काढलं.”

ताईने रजिस्टर मिटलं. नुसतं मिटलं नाही, त्यावर दोन्ही हात ठेवले.

“नववं पान पूर्णच काढा,” ती म्हणाली. “पेट्याही नकोत, टेस्टरही नको. आठवरून थेट दहावर.”

“अगं, पेट्या काढल्या तर पुड्यामागच्या ज्वाळा कसल्या म्हणून सांगू?” बाळ म्हणाला.

“पुडा बदल. दादाला काय म्हणायचं ते म्हणा, तो समोर बसलाय, उत्तर देऊ शकतो. नानांना यात ओढू नका. मी आठ वर्षांनी एक ट्रंक घेऊन परत आले तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि एक प्रश्न विचारला नाही. हात धुऊन घे, पान वाढलंय, एवढंच म्हणाले. मला तेच नाना ठाऊक आहेत. या वयात मला दुसरे नकोत.”

थोरले बहिणीकडे बघत होते. सुनेने मघाशी जे सांगितलं ते त्यांच्या मनात हळूहळू उतरत होतं. नानांना माहीत होतं. आपण वडिलांना फसवलं, या ओझ्याखाली ते पन्नास वर्षं वावरले होते, आणि वडील फसलेच नव्हते. त्या दोघांनी त्यानंतर पंचवीस वर्षं याच ओट्याशी रोज सकाळी शेजारी उभं राहून चहा चाखला होता. गोदामाची किल्ली मात्र नानांनी शेवटपर्यंत कमरेची सोडली नाही. थोरल्यांनी ते वडिलांचा काटेकोरपणा म्हणून समजून घेतलं होतं.

चारला पाच मिनिटं कमी असताना दारावर टकटक झाली.

*

बाई साठीच्या घरातल्या, उंच, करड्या केसांच्या. गेल्या वर्षापर्यंत एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आत आल्या आल्या त्यांनी चौघांकडे एकदा बघितलं, आणि वर्गात काहीतरी घडून गेलं आहे हे जुन्या सवयीने ओळखलं.

“चहा घेणार ना?” सुनेने विचारलं.

“घेईन की. चहाच्या कारखान्यात येऊन नको म्हटलं तर वडील घरात घेणार नाहीत.”

“म्हणजे ते...” थोरले स्टुलावरून उठले.

“आहेत. अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाले. गुडघे गेले, एक कान गेला. जीभ शाबूत आहे. चहा तुमचाच लागतो त्यांना. दुसरा आणला तर कपाकडे बघूनच परत पाठवतात.” त्या सुनेकडे वळल्या. “सहा वर्षांपूर्वी एकदा सकाळी म्हणाले, तिकडे नवीन माणूस बसलं आहे. हात चांगला आहे, पण अजून भीत भीत मिसळतं. मग दोन वर्षांनी म्हणाले, आता भीड चेपली. तुम्हीच का त्या?”

सुनेने मान डोलावून कप त्यांच्यापुढे ठेवला. तिने किटली उचलली आणि उगाचच पुन्हा जागेवर ठेवली.

बाळने जांभईवर शाईने आडवी रेघ मारून पान पुढे केलं. बाईंनी ते वाचलं. रेघेखालचा शब्द वाचता येत होता.

“ही जांभई मी आधी ऐकली आहे,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या शाळेत प्रमुख पाहुणे होता. सातशे मुलांना तुम्ही ही गोष्ट सांगितलीत. मी शेजारच्या खुर्चीवर होते. मुलं खूप हसली.”

बाळ खाली बसला.

“मग मी उठून आभार मानले. कार्यक्रमपत्रिकेत तसं होतं.” त्यांनी कपातून एक घोट घेतला. “तुम्हाला ठाऊक नव्हतं, हे मला दिसत होतं. म्हणून तुमच्यावर राग धरला नाही. पण तेव्हापासून ठरवलं, वडील आहेत तोवर हे कुठेतरी सरळ झालं पाहिजे.”

“साबण माझा होता,” थोरले दुसऱ्यांदा म्हणाले. एकदा म्हणून झालं की ते वाक्य अवघड नव्हतं.

“ठाऊक आहे.”

“तुम्हाला?”

“वडिलांना. मंगळवारी गोदामात जाताना त्यांना ताडपत्रीखालची खोकी दिसली होती. मालकांच्या मुलाची आहेत, मालकांना विचारूनच ठेवली असतील, असं ते समजले. नंतर त्यांना एवढंच वाईट वाटायचं, की तेव्हाच विचारायला हवं होतं.” त्यांनी कप खाली ठेवला. “आणि त्या रविवारी नाना आमच्या घरी आले होते. मी नऊ वर्षांची. मला बाहेर जा म्हणाले नाहीत, कारण बाहेर जायला दुसरी खोलीच नव्हती. म्हणाले, मास्तर, चूक कुणाची ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण दुकानदारांना एक माणूस दाखवावा लागेल. मुलगा दाखवला तर कंपनीवरचा विश्वास जाईल. तुमची जीभ सोन्याची आहे, तुम्हाला कुठेही काम मिळेल.”

“मिळालं?” ताईने विचारलं. हे विचारताना तिचे हात अजून रजिस्टरवरच होते.

“नाही. जातील तिथे साबणाची गोष्ट आधीच पोचलेली असायची. पेट्या जाळल्यामुळे ती फार गाजली ना. मग चपलांच्या दुकानात लागले. तीस वर्षं. दिवसभर चामड्याचा वास. पहिले सहा महिने त्यांना घरी आल्यावर जेवण जायचं नाही.”

ताईने हात उचलले.

“मी माफी...” थोरल्यांनी सुरुवात केली.

“माझी नका मागू. मी हे पान बदलून घ्यायला आले आहे.”

थोरल्यांनी कोरा कागद ओढला आणि स्वतः लिहायला घेतलं. लिहिता लिहिता ते मोठ्याने म्हणत होते. “‘त्या वर्षी संस्थापकांच्या थोरल्या मुलाने नियम मोडून गोदामात साबणाची खोकी ठेवली आणि टेस्टरला न विचारता माल बाहेर पाठवला. टेस्टरने दोष ओळखून माल पाठवू नये असे लेखी कळवले होते. तरीही दोष त्याच्यावर ठेवण्यात आला.’”

“‘ठेवण्यात आला’ नको,” ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“वाक्याला कर्ता नाही. कुणी ठेवला ते लिही.”

“ताई, मघाशी तूच...”

“लिही. ‘संस्थापकांनी, सत्य माहीत असूनही, दोष त्याच्यावर ठेवला.’ आणि ‘त्याच्यावर’ नको, ‘त्यांच्यावर’. वयाने मोठे होते ते तुझ्यापेक्षा.”

थोरल्यांनी तसं लिहिलं. मग ‘टेस्टर’ या शब्दापाशी त्यांची लेखणी थांबली. “इथे नाव घालू,” ते म्हणाले, आणि तसेच थांबून राहिले. त्यांनी ताईकडे बघितलं, ताईने बाळकडे. तेरा वर्षं तो माणूस रोज या खोलीत उभा होता. घरात, कारखान्यात, गोष्टीत, सगळीकडे तो मास्तर होता, आणि रजिस्टरमध्ये दोन आद्याक्षरं. त्याचं नाव तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग लेखणी मागून घेतली आणि नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण, गोल अक्षरात लिहिलं. कागद साडेपाचला छापखान्यात पोचला.

*

पुस्तिका पंधरा दिवसांनी निघाली. बाळने धास्ती घेतली होती, की दुकानदार तोंड फिरवतील. तसं काही झालं नाही. एकूण तीन पत्रं आली. एकात पुड्याचं तोंड नीट चिकटत नाही अशी तक्रार होती, दुसऱ्यात जुन्या कामगाराने पुस्तिकेच्या चार प्रती मागवल्या होत्या आणि तिसऱ्यात कुणीतरी नानांना शिव्या घातल्या होत्या. ताईने तिसरं पत्र स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि त्याबद्दल कधी बोलली नाही. बाळने गोष्ट सांगणं बंद केलं. त्या वर्षी विक्रीच्या बैठका पूर्वीपेक्षा लवकर आटपू लागल्या.

पहिली प्रत थोरले स्वतः घेऊन गेले. दुसऱ्या मजल्यावरची, दोन खोल्यांची जागा. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. अंगाने वाळलेले, दाढी गुळगुळीत केलेली. थोरल्यांनी वाटेत गाडीत चार वाक्यं जुळवून ठेवली होती. मास्तरांनी त्यांना बसायची खूण केली, भिंग घेतलं आणि नववं पान वाचायला घेतलं. एकदा वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग पुस्तिका मिटून मांडीवर ठेवली.

“छपाई स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

थोरले पहिलं वाक्य बोलायला पुढे झुकले. मास्तरांनी हात वर केला.

“थांबा. मला एक विचारायचंय. बरा कान इकडे आहे, या बाजूला या.” थोरले उठून त्या बाजूला बसले. “साबण गुलाबाचा होता, ते पहिल्याच घोटाला कळलं. पण गुलाबाच्या मागे आणखी काहीतरी होतं. जरा तिखट, उष्ण. त्या सकाळी मी सात वाट्या चाखल्या, तरी नेमकं लागेना. शेवटी दालचिनी म्हणून सोडून दिलं. पण साबणात दालचिनी कोण घालतं? इतकी वर्षं ते डोक्यातून गेलं नाही. काय होतं ते?”

थोरल्यांना आधी काही आठवेना. मग ती खोकी डोळ्यांपुढे आली. कोऱ्या खोक्यांचा खर्च वाचवायला त्यांनी ती जुनी घेतली होती आणि वरची छापील अक्षरं खरवडून काढली होती.

“खोकी जुनी होती,” ते म्हणाले. “दाताची औषधं विकणाऱ्याकडून घेतली होती. त्यांत आधी लवंगेचं तेल होतं.”

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ मिटलेलेच होते, पण आत जीभ टाळूला लावून ते काहीतरी तपासत होते. शेजारच्या खोलीत मुलीने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

“लवंग,” ते म्हणाले आणि डोळे उघडले. “बरोबर. लवंगच ती. म्हणजे चुकलो मी.”